तिसरा पाद : कर्करुग्ण आणि त्याचा शेजार

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वजण पहिल्या वर्षापासून पाठ म्हणत आलो आहोत. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी भिषक् व द्रव्य या दोन पादांवर आपल्या संमेलनांत, चर्चासत्रांत आणि या त्रैमासिकाच्या पृष्ठांवर पुष्कळ विचार होतो. रोगी हा तर चर्चेचा विषयच असतो. उरतो तो उपस्थाता. चरकाचार्यांनी त्याला वैद्याच्या बरोबरीने चार गुणांचा अधिकारी मानले : त्याला परिचर्येचे ज्ञान असावे, तो दक्ष असावा, रुग्णाविषयी त्याच्या मनात अनुराग असावा आणि तो शुचिर्भूत असावा. परीक्षेत हे चार गुण लिहून आपण गुण मिळविले. पुढे व्यवसायात मात्र त्या पादाकडे आपले फारसे लक्ष गेले नाही, असे आम्हांस वाटते.

प्रस्तुत लेख याच तिसऱ्या पादाविषयी आहे, आणि तोही एका विशिष्ट व्याधीच्या संदर्भात. आपल्या भंडारा जिल्ह्यात कर्करोगाचे रुग्ण नाहीत असे गाव आता शोधूनच काढावे लागेल. खर्रा घोटून देणारा पानठेला ज्या चौकात नाही, असा चौक तरी कोठे आहे? २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, परंतु सुपारी, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून खाण्याची सवय विदर्भात त्याआधीही होती व नंतरही राहिली. प्रथम तिखट सोसेनासे होते, मग तोंड उघडेनासे होते, मग गालाच्या आत एक व्रण उमटतो आणि भरत नाही. असा रुग्ण बहुधा प्रथम आपल्याकडेच येतो, कारण आपण जवळ असतो, ओळखीचे असतो आणि उधारीवर औषध देतो. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला मुखव्रण तज्ज्ञाकडे पाठविणे, ही त्या रुग्णावर आपण करू शकतो अशी पहिली कृपा होय. त्यापुढील कृपांची गोष्ट मात्र औषधापेक्षा निराळी आहे.

भंडाऱ्याच्या रुग्णाला निदान व उपचारांसाठी बहुधा नागपूर गाठावे लागते. अनेकांची वाट मानेवाडा मार्गावरील राष्ट्रसंत तुकडोजी विभागीय कर्करोग रुग्णालयाकडे जाते, काहींची त्याच शहरातील राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे. ज्यांचे नाव त्या पहिल्या रुग्णालयास दिले आहे, ते तुकडोजी महाराज स्वतः कर्करोगानेच १९६८ साली गुरुकुंज मोझरी येथे निवर्तले, हे नव्या पिढीतील अनेकांच्या स्मरणात नाही. आम्ही रुग्णांना हे आवर्जून सांगतो. पापाचे फळ म्हणून हा रोग होतो, ही समजूत आपल्याकडे अजून खोल रुजलेली आहे. ज्यांची भजने रुग्ण स्वतः खंजिरीवर म्हणत आला, त्यांनाही हा रोग झाला होता, हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावरील अपराधी भाव थोडा तरी कमी होतो.

नागपूर भंडाऱ्याहून साठ-पासष्ट किलोमीटर. ऐकायला अंतर थोडे. परंतु साकोली, लाखांदूर किंवा तुमसरच्या पलीकडील गावांतून पाहिले तर जाण्यायेण्यातच दिवस संपतो. आणि हा प्रवास एकदाचा नसतो. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात किरणोपचार, ज्याला आपले रुग्ण ‘शेक’ म्हणतात, तो बहुधा आठवड्यातून पाच दिवस असा सहा ते सात आठवडे चालतो. या उपचाराचे मर्म त्याच्या अखंडतेत आहे. मध्ये दिवस गळत गेले आणि एकूण कालावधी लांबला, तर रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते. ही गोष्ट जगभरच्या अनुभवाने सिद्ध झालेली आहे. म्हणजे रुग्णाचा एक चुकलेला दिवस हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. तो चिकित्सेतील खंड आहे.

आता आपण स्वतःला विचारावे की हे दिवस का चुकतात? आमच्या अनुभवात औषध नाही म्हणून फार थोडे दिवस चुकले. बैलांना चारा घालायला कोणी नाही म्हणून चुकले. सोबत जाणाऱ्या मुलाची परीक्षा होती म्हणून चुकले. तोंड इतके सोलले की पाणीही गिळवेना, तेव्हा ‘आता दोन दिवस विसावा घेऊ’ म्हणून चुकले. आणि सर्वांत अधिक चुकले ते रोवणीच्या दिवसांत. पऱ्हे तयार आहेत, पाऊस बरा झाला आहे, बांधीत पाणी साचले आहे; अशा वेळी धानकऱ्याला नागपूरला जा म्हणणे सोपे नाही. वर्षभराचे तांदूळ एका बाजूस आणि यंत्राखालची दहा मिनिटे दुसऱ्या बाजूस.

पवनी तालुक्यातील एका शेतकऱ्याचे उदाहरण देतो. गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती आणि शेक आषाढात सुरू झाला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी येणे थांबविले. निरोप धाडला तेव्हा उत्तर आले की रोवणी आटोपली की जाऊ. आम्ही त्यांच्या गावी गेलो ते समजूत घालायला. परंतु आमच्या आधी त्यांच्या वॉर्डातील चार घरांनी ते काम केले होते, तेही न बोलता. ज्या दिवशी त्यांची पाळी नव्हती त्या दिवशी त्यांच्या बांधीत बायका उतरल्या होत्या. मजुरी कोणी मागितली नाही; ‘पुढच्या वर्षी तुम्ही आमच्याकडे या’ एवढाच हिशेब. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ते नागपूरला गेले आणि उरलेले शेक पूर्ण केले. आमच्या कोणत्याही काढ्याने जे साधले नसते ते चिखलात उभ्या राहिलेल्या त्या बायकांनी साधले. उपचारज्ञता हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. दाक्ष्य आणि अनुराग त्यांच्यापाशी भरपूर होते.

म्हणून आमचे म्हणणे असे की कर्करोगात उपस्थाता एक व्यक्ती नसते. पत्नी किंवा मुलगा हा त्याचा केवळ दर्शनी भाग असतो. ज्याची गाडी रोज नागपूरला भाजी नेते तो चालक, जो दोन तास रुग्णाजवळ बसतो तो शेजारी, जो औषधाच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून देतो तो दुकानदार, हे सारे त्या पादात मोडतात. आणि त्यांना एकत्र आणण्याच्या जागी वैद्य जितका सोयीस्करपणे उभा असतो तितका दुसरा कोणी नसतो. त्याला गावातील प्रत्येक घर ठाऊक असते.

मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. देशभरातून रुग्ण तेथे येऊ लागले तसा प्रश्न उभा राहिला की उपचार मिळतील, पण राहायचे कोठे व खायचे काय? या प्रश्नाचे उत्तर मोठ्या प्रमाणात सामान्य माणसांनी दिले. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज रुग्णांची व त्यांच्या सोबत्यांची आहे. अल्प दरात अंथरूण, अंघोळीला पाणी, जेवण आणि शेजारच्या खाटेवर आपल्यासारखाच दुसरा. विदर्भातील किती कुटुंबांनी तेथे महिने काढले असतील! परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदनही त्याच कामासाठी उभे आहे. हरखचंद सावला यांनी १९८३ मध्ये जीवनज्योत ट्रस्टची स्थापना केली; टाटा रुग्णालयाबाहेर फूटपाथवर दिवस काढणाऱ्या रुग्णांना व नातलगांना जेवू घालणे हे त्यांच्या कामाचे मूळ. यांपैकी कोणीही रोग बरा करण्याचा दावा केला नाही. त्यांनी एवढेच पाहिले की पोट रिकामे असलेला माणूस पुढच्या तारखेपर्यंत टिकत नाही व गावी परत जातो, आणि एकदा परत गेलेला पुन्हा येईलच असे नाही.

आपल्या जिल्ह्यात धर्मशाळा बांधण्याइतके सामर्थ्य आपल्या संघटनेत नाही, हे मान्य. परंतु जेवणाची गोष्ट प्रत्येक गावात करता येण्यासारखी आहे, आणि ती नीट करावी लागते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

रुग्ण नागपूरहून परतला की भेटायला येणारे लोक पेढे, बिस्किटे, सफरचंद घेऊन येतात. भाव चांगला असतो. परंतु ज्याचे तोंड आतून सोलले आहे त्याला सफरचंद म्हणजे शिक्षा, आणि घरातील माणसे ते फळ कापून पुढे ठेवतात तेव्हा पाहुण्यांच्या मानासाठी तो बिचारा एक फोड चघळत बसतो. आपला जिल्हा तांदळाचा. मंड, पेया, विलेपी या क्रमाचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. लाह्यांचा मंड, मऊ पेज, मुगाचे पातळ वरण, त्यात चमचाभर तूप, हे सारे प्रत्येक घरी होऊ शकते. शेजारणीने सकाळी तांब्याभर ताजी, कोमट पेज आणून दिली तर ती डझनभर केळ्यांपेक्षा मोलाची. अट एकच की पेज अतिउष्ण नको, तिखट नको आणि ती त्याच वेळची हवी. केमोथेरपीच्या काळात पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. तेव्हा शिळे, उघड्यावरचे, न धुतलेले कच्चे पदार्थ धोक्याचे ठरतात. शौच हा उपस्थात्याचा चौथा गुण का सांगितला ते येथे कळते. सर्दी-खोकला झालेल्या पाहुण्याने दाराबाहेरूनच विचारपूस करून परतावे, यातही शौच आहे आणि अनुरागही आहे.

फोडणीच्या वासाने अनेकांना उमासे येतात. शेजारच्या घरी मासळी तळली जाते त्या दिवशी रुग्णाची खाट मागच्या पडवीत हलवावी, एवढे जरी कोणी सुचविले तरी त्याचा एक घास वाचतो. आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या गावाचे नाव पितळेच्या भांड्यांशी जोडले जाते त्या भंडाऱ्यात आम्हांस रुग्णांना सांगावे लागते की तूर्त धातूचा चमचा बाजूला ठेवा! केमोथेरपीत काहींच्या जिभेवर सतत धातूची चव राहते; लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या चमच्याने खाल्ले तर अन्न थोडे सुसह्य होते. हे सांगायला औषधशास्त्राची पदवी लागत नाही, परंतु कोणीतरी सांगावे लागते.

आहाराइतकाच, किंबहुना अधिक, बोलण्याचा प्रश्न आहे. कर्करुग्णाकडे गेल्यावर काय बोलावे हे लोकांना कळत नाही, म्हणून ते जातच नाहीत. आणि जे जातात ते नको ते बोलतात. ‘माझ्या मावसभावाला हेच झाले होते, तीन महिन्यांत गेला’ हे वाक्य रुग्णाच्या उशापाशी बसून किती जणांनी उच्चारले असेल! दुसरे वाक्य, ‘अमुक गावी एक बाबा मुळी देतो.’ तिसरे, ‘काही होत नाही, तुम्ही घाबरू नका.’ हे तिसरे वाक्य आपण वैद्यही पुष्कळदा बोलतो. ते ऐकताच रुग्णाचे तोंड बंद होते, कारण तो घाबरलेला असतो व आता ते सांगण्याची सोय उरत नाही. त्यापेक्षा ‘आज काय गिळवले?’ असा साधा प्रश्न पुष्कळ बरा. त्याला उत्तर असते. सत्त्वावजय चिकित्सेवर व्याख्याने देणे सोपे. एखाद्याच्या खाटेपाशी अर्धा तास गप्प बसणे, धान कसे आहे, तलावात पाणी किती चढले, यंदा मंडईत कोणते नाटक लागले एवढेच बोलणे, आणि मध्येच त्याने मरणाचा विषय काढला तर तो न झटकणे, हे अवघड.

स्पर्शाने हा रोग होत नाही, हे आजही सांगावे लागते, आणि तेही सुशिक्षित घरांत. ताट वेगळे, पेला वेगळा, नातवंडांना जवळ येण्याची मनाई. मोहाडी तालुक्यातील एका भगिनीचे स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू होते. केस गेले होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना आळीतून एकाही घराचे बोलावणे आले नाही. पती हयात, मुले हयात, आणि तरीही. आमच्या दवाखान्यात त्या रक्तदाब पाहायला आल्या असता एवढेच म्हणाल्या, ‘‘आता कोनी बोलवत नाही जी.’’ आम्ही काय औषध देणार? त्याच बाकावर बसलेल्या दुसऱ्या एका बाईंनी ते ऐकले. रथसप्तमीपर्यंत अजून चार दिवस होते. त्यांनी आपल्या घरी हळदीकुंकू ठेवले आणि पहिले बोलावणे या भगिनींना दिले. स्वतः जाऊन त्यांना घेऊन आल्या आणि सर्वांदेखत त्यांच्याच हातून पहिले वाण लुटविले. दुसऱ्या वर्षी आळीतील बोलावणी आपोआप आली, असे कळले. वाण काय होते म्हणाल तर स्टीलची चाळणी.

आता आपल्या स्वतःच्या व्यवसायाकडे वळू. येथे थोडे कठोर लिहावे लागणार आहे, वाचकांनी क्षमा करावी.

कर्करुग्णाला दिलेली सर्वांत मोठी पीडा ही पुष्कळदा आपल्याच क्षेत्राच्या नावाने दिली जाते. आमच्या माहितीतील एका कुटुंबाने अर्धा एकर बांधी विकून कोणा एका विक्रेत्याकडून ‘शर्तिया’ म्हणून दिलेले चूर्ण सहा महिने घेतले. त्या सहा महिन्यांत गाठ हाताला लागण्याजोगी होती ती त्वचा फोडून बाहेर आली. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचे नाव आहे. या रोगाच्या उपचाराची जाहिरात सर्वसामान्यांत करणे हा गुन्हा आहे, हे आपल्या औषधी विक्रेत्या बंधूंना ठाऊक असतेच. तरी दुकानाच्या काचेवर एखादे रंगीत पत्रक चिकटलेले दिसते. कंपनीचा माणूस चिकटवून गेला, असे सांगितले जाते. ते पत्रक काढून टाकायला नखापलीकडे दुसरे साधन लागत नाही. रुग्णावर दया करण्याचा याहून स्वस्त मार्ग आम्हांस तरी माहीत नाही.

अर्बुदाचे वर्णन आपल्या संहितांत आहे, त्यावरील संशोधनही चालू आहे आणि चालू राहावे. परंतु केमोथेरपी चालू असताना गुळवेल, हळदीचे अर्क, भस्मे किंवा कोणतेही कल्प कर्करोगतज्ज्ञास कळविल्याशिवाय देणे आम्ही उचित मानत नाही. यकृत व वृक्क आधीच भार वाहत असतात, आणि काही वनस्पती औषधांच्या परिणामात बदल घडवू शकतात. आम्ही रुग्णाच्या फाइलमध्ये आपण काय देतो ते स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवतो. नागपूरच्या डॉक्टरांनी ते काटले तर राग मानत नाही. मुखपाकात मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगाव्यात, त्यांना कोणाचीही हरकत नसते. आणि केमोथेरपीनंतर शंभर अंशांच्या वर ताप गेला, तर तो काढ्याचा ताप नव्हे. त्या रात्रीच रुग्णालय गाठले पाहिजे. त्या रात्री वाहन कोणाचे, हे आधीच ठरवून ठेवणे हा आम्ही उपचाराचाच भाग समजतो. आमच्या गावात एका किराणा व्यापाऱ्याने आपल्या गाडीची किल्ली रात्री कोणत्या खुंटीला असते ते तीन घरांना सांगून ठेवले आहे.

औषधी दुकानदारांच्या हाती किती गोष्टी आहेत, याची त्यांना स्वतःला कल्पना नसते. दुकानापुढे एक पाठीची खुर्ची ठेवावी. गोळ्यांच्या वेळा सूर्य आणि चंद्राची चित्रे काढून पाकिटावर लिहाव्यात, कारण वाचता न येणाऱ्या माणसालाच बहुधा सकाळ-संध्याकाळची गोळी द्यायची असते. नागपूरहून लिहून आलेली एखादी गोळी नसेल तर ‘नाही’ म्हणून ग्राहकाला परत न पाठविता ती कोठे मिळेल हे दूरध्वनी करून सांगावे. चौकात, चार लोकांसमोर, औषधाच्या नावावरून रोगाचे नाव उच्चारू नये. आणि वेदनाशामकांविषयी भलतेच काही सांगू नये. मॉर्फीन लिहून आले की ‘याची सवय लागते, मनावर घ्या आणि सोडा’ असा सल्ला देणारे विक्रेते आम्ही पाहिले आहेत. अंतिम अवस्थेतील वेदनेत तज्ज्ञांनी ठरविलेल्या मात्रेत हे औषध रुग्णाला झोप देते, कुटुंबाला झोप देते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली ती याच हेतूने, की मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते सुलभतेने देता यावे. ज्याने रात्रभर तळमळणारा माणूस पाहिला आहे तो असा सल्ला देणार नाही.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे, परंतु तेही सेवेतच मोडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार अंतर्भूत आहेत; त्यासाठी शिधापत्रिका व ओळखपत्र यांतील नाव जुळावे लागते, आणि आपल्याकडे ते क्वचितच जुळते. रेल्वेत कर्करुग्णास उपचारांच्या प्रवासासाठी शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण भाडेमाफी आणि सोबत्यास तीनचतुर्थांश सवलत मिळते. उपचार करणाऱ्या रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यात दाखला आणावा लागतो. मुंबईला जाणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम केवढी असते! एस.टी.तही सवलत आहे. गावातील शिक्षकाने किंवा महाविद्यालयातील मुलाने एक दुपार बसून हे कागद लावून दिले, तर त्या घराचे ओझे हलके होते. मुलाला सांगितले तर तो करतो. त्याला कोणी सांगत नाही एवढेच.

ज्या व्यक्तीकडे कोणाचेच लक्ष नसते ती म्हणजे रुग्णाची सेवा करणारी. बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी. रुग्णाला पाहायला दहा माणसे येतात, दहाजणांना चहा तीच करते. तिची कंबर दुखते, तिची पाळी बिघडते, तिचा मधुमेह वाढतो, आणि आपण तिला विचारतो ते ‘त्यांनी काय खाल्ले?’ रुग्णाच्या घरी गेलो की नाडी दोघांची पाहायची, असा आम्ही नियम केला आहे. एकदा एका घरी आम्ही त्या माउलीस विचारले की तुम्हांला काय हवे? तिने जे उत्तर दिले ते आम्ही अपेक्षिले नव्हते. तिला बाजाराच्या दिवशी एकटीने बाजारात जाऊन यायचे होते. चार महिने ती घराबाहेर पडली नव्हती. पुढे दर आठवड्याला शेजारचे निवृत्त पोस्टमन दोन तास रुग्णाजवळ बसू लागले आणि ती पिशवी घेऊन बाजारात जाऊ लागली. त्या दोन तासांत दोघे पुरुष काय बोलत असत, आम्हांस ठाऊक नाही. पण रुग्ण त्या दिवशी दाढी करून बसलेला असे.

काही रुग्णांच्या बाबतीत एक दिवस असा येतो की नागपूरचे डॉक्टर सांगतात, आता घरी न्या. अशा रुग्णांसाठी देशातील पहिली शुश्रूषा संस्था, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईच्या वांद्र्यात सुरू झाली. आपल्या खेड्यांतून ती फार दूर. येथे घर हेच सदन. त्या टप्प्यावर गावकऱ्यांचे येणे थांबते, कारण ‘आता काय उरले?’ असे त्यांना वाटते. उरलेले पुष्कळ असते. कूस बदलणे, व्रण स्वच्छ ठेवणे, ओठ ओल्या कापसाने पुसणे, दुर्गंधीमुळे लोक टाळतात म्हणून खोली हवेशीर ठेवणे. वैद्याची फेरी तर याच काळात अधिक व्हावी. औषध बदलायचे नसले तरी जावे. शास्त्राने असाध्य व्याधीच्या बाबतीत वैद्याला सावध राहण्यास सांगितले आहे, परंतु त्याच शास्त्राने आर्तांविषयी कारुण्य हे वैद्यवृत्तीचे अंग मानले आहे, आणि असाध्य रुग्ण आर्त नसतो असे कोठेही म्हटलेले नाही.

तेराव्यानंतरही एक फेरी मारावी. उरलेल्या औषधांचे काय करायचे, रुग्णालयाचे कागद किती दिवस जपायचे, मुलाला खर्रा कसा सोडवायचा, असे प्रश्न त्या घरी शिल्लक असतात आणि ते विचारायला दवाखान्यात येण्याचे धैर्य त्यांच्यात लगेच येत नाही. मुलाचा प्रश्न तर सर्वांत तातडीचा. वडिलांच्या खाटेपाशी बसून पन्नी घोटणारा मुलगा आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिला आहे.

लेख लांबला. शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. गेली काही वर्षे आम्ही दवाखान्यात एक साधी लांबट वही ठेवतो. तीत पाच रकाने आहेत : रुग्णाचे गाव, नागपूरची पुढची तारीख, सोबत कोण जाणार, वाहन कोणाचे, आणि त्या दिवशी घरी, गोठ्यात व शेतात कोण राहणार. रुग्णाचे नाव वा रोगाचे नाव लिहीत नाही. घर ओळखायला गाव आणि आमची खूण पुरते. पहिले तीन रकाने आपोआप भरतात. चौथ्यासाठी दोन-चार दूरध्वनी करावे लागतात. नागपूरला धान, भाजी, दूध नेणाऱ्या गाड्या पहाटे निघतातच आणि बहुतेक चालक आनंदाने तयार होतात. पाचवा रकाना भरायला मात्र त्या गावी जावे लागते. साकोलीकडील एका औषधी विक्रेत्या बंधूंनी हीच वही आपल्या दुकानात सुरू केली असून त्यांनी तीत सहावा रकाना वाढविला आहे, ‘परत कधी आले’. तो आम्हांस सुचला नव्हता. आता आमच्याही वहीत तो आहे. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी पुढील त्रैमासिक सभेस येताना दोनशे पानी कोरी वही सोबत आणावी. रकाने आखून देऊ.